रेणूचा मुक्काम

जिवंत पेशीत प्रथिनाचा एकेकटा रेणू हलताना टिपता येतो, ही गोष्ट आता विज्ञानाची आवड असलेल्या बहुतेकांच्या कानावर गेली आहे. २०१४ साली एरिक बेट्झिग, श्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून या विषयावर लिहिताना बहुधा एकच सूर लागतो: सूक्ष्मदर्शकाची नजर आणखी तीक्ष्ण झाली, आधी न दिसणारे दिसू लागले. हे खोटे नाही, पण उथळ आहे. या तंत्रातली खरी मोलाची गोष्ट त्यामुळे झाकून जाते.

बारीक पाहण्याच्या बाबतीत जीवशास्त्र कधीचेच पुढे गेलेले होते. जॉन केंड्र्यू यांनी १९५८ मध्ये मायोग्लोबिन या प्रथिनाची घडण क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. आज गोठवलेल्या नमुन्यांवर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून प्रथिनांतल्या अणूंच्या जागाही काढता येतात. एका रेणूचा माग काढणारा सूक्ष्मदर्शक या दोन्हींच्या तुलनेत धूसरच पाहतो. तरीही त्याने जे सांगितले ते त्या दोघांना सांगता आले नसते, कारण स्फटिकात बसवलेल्या किंवा बर्फात गोठलेल्या रेणूला वेळ विचारता येत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे: या तंत्राचे देणे काळाचे आहे, सूक्ष्मतेचे नाही. रेणू कुठे असतो हे बरेचसे ठाऊक होते. तो तिथे किती वेळ मुक्काम करतो, कुठून येतो आणि निघून गेल्यावर त्याच्या जागी कोण येते, हे ठाऊक नव्हते. ते कळू लागल्यावर पेशीचे पाठ्यपुस्तकी चित्र बऱ्याच ठिकाणी बदलावे लागले.

१. पडद्यावर असतो तो उजेड

आधी प्रत्यक्षात काय दिसते ते नीट पाहिले पाहिजे. हिरव्या फ्लोरोसंट प्रथिनाचा रेणू ४ नॅनोमीटर उंचीच्या पिंपासारखा असतो. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये तो एका जेलीफिशमधून वेगळा केला. पुढे त्याचे जनुक हव्या त्या प्रथिनाच्या जनुकाला जोडून, दिवा लावलेले प्रथिन पेशीकडूनच बनवून घेण्याची सोय झाली. या दिव्याचा उजेड भिंगातून येऊन कॅमेऱ्यावर पडतो तेव्हा त्याचा ठिपका सुमारे २५० नॅनोमीटर रुंद झालेला असतो. त्यात भिंगाचा दोष नाही. प्रकाश तरंगरूप आहे, म्हणून ठिपका याहून फारसा लहान होऊ शकत नाही, हे एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच दाखवले होते. थोडक्यात, दिव्यापेक्षा त्याचा उजेड साठपट मोठा.

पडद्यावर हा ठिपका साधारण पाच गुणिले पाच पिक्सेलांत मावतो. मधला पिक्सेल सर्वांत उजळ, बाजूचे फिके, कोपऱ्यातले जवळपास काळे. प्रत्येक पिक्सेलवर किती फोटॉन पडले ते मोजून उजेडाचा मध्य गणिताने काढतात. फोटॉन शंभरपट मिळाले तर मध्याची अनिश्चितता दहापट कमी होते. शंभरेक फोटॉनांवर ती दहा-पंधरा नॅनोमीटर असते, दहा हजारांवर एक-दीड. ठिपका होता तसाच धूसर राहतो, त्याचा मध्य तेवढा नेमका सापडतो.

पण हा एकच रेणू कशावरून? याचे उत्तर ठिपक्याच्या मरणात आहे. लेझरच्या प्रकाशात फ्लोरोसंट रेणू काही काळ चमकतो आणि मग कायमचा विझतो. ठिपक्यात दहा रेणू असतील तर उजेड पायरीपायरीने उतरतो. एकच असेल तर तो शेवटपर्यंत सारखा राहतो आणि एका चौकटीपासून पुढच्या चौकटीपर्यंत एका झटक्यात शून्यावर येतो. मंद होणे नाही, रेंगाळणे नाही. आलेखावरची ही एकमेव उभी रेघ म्हणजे एकट्या रेणूची सही.

इथवर पोचायला वेळ लागला. १९८९ मध्ये मोर्नर आणि लोथार काडोर यांनी पहिल्यांदा एका रेणूची प्रकाशीय नोंद घेतली, पण तो पेंटासीनचा रेणू स्फटिकात अडकवलेला होता आणि स्फटिक द्रवरूप हेलियमच्या थंडीत होता. जिवंत पेशीच्या पृष्ठभागावर वाढीचा संदेश घेणारी एकेकटी ग्राहक प्रथिने टिपली गेली ती २००० च्या सुमारास, जपानमध्ये. मग लाखो रेणूंपैकी एका वेळी मोजकेच पेटवण्याची युक्ती निघाली आणि दाट गर्दीतूनही एकेकाचा माग घेणे जमू लागले.

म्हणून ‘रेणू दिसला’ हे वाक्य सैल आहे. दिसतो तो उजेड. रेणूची जागा हा त्यावरून काढलेला निष्कर्ष, आणि ठिपके जोडून मिळालेला मार्ग हा निष्कर्षावरचा निष्कर्ष. या साखळीत सर्वांत कमी मध्यस्थ काळाच्या मोजमापात आहेत: ठिपका कोणत्या चौकटीत उगवला आणि कोणत्या चौकटीत मावळला. तंत्राचा स्वभावच असा की त्याला स्थळापेक्षा वेळ अधिक सरळ कळते.

२. सगळ्यांना एकदम सुरुवात करायला लावता येत नाही

यावर कोणी म्हणेल, वेळ तर पूर्वीही मोजत होते. खरे आहे. परीक्षानळीत दोन द्रावणे झटकन मिसळली की सगळ्या रेणूंची शर्यत एकाच क्षणी सुरू होते, आणि एकूण प्रकाश किंवा रंग कसा बदलतो यावरून वेग काढता येतो. विकरांचा सगळा अभ्यास याच पायावर उभा राहिला. जिवंत पेशीत मात्र शिट्टी वाजवून शर्यत सुरू करता येत नाही. एक रेणू नुकताच चिकटलेला असतो, दुसरा सुटण्याच्या बेतात, तिसरा भटकत असतो. सगळ्यांची बेरीज दर क्षणी जवळपास तेवढीच भरते. आत अखंड धावपळ चालू असूनही आलेखावर आडवी रेघ येते.

एसटी स्थानकाचा वरून काढलेला फोटो घ्या. दुपारी बारा वाजता दोनशे माणसे, एक वाजता पुन्हा दोनशे. तीच माणसे ताटकळत बसली आहेत, की तासाभरात हजारजण येऊन गेले, हे फोटो कितीही स्पष्ट असला तरी कळणार नाही. ते कळायला एका माणसावर नजर ठेवावी लागते. रेणूंच्या बाबतीत अडचण नेमकी हीच होती. आणखी स्पष्ट फोटो काढून ती सुटली नसती.

१९७० च्या दशकापासून एक मधला मार्ग होता. पेशीतल्या एका जागेवरचे दिवे लेझरने विझवायचे आणि आजूबाजूचे पेटते रेणू येऊन ती जागा किती वेळात पुन्हा उजळते ते पाहायचे. ही पद्धत अजूनही उपयोगी आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण उजळण्याची एकच वक्ररेषा अनेक कथांत बसते: सगळे रेणू मंद असतील, किंवा निम्मे चपळ आणि निम्मे जागेला खिळलेले, किंवा सगळेच चपळ पण वाटेत ठेचकाळणारे. कोणती कथा खरी हे वक्ररेषा सांगत नाही. ते आधी गृहीत धरावे लागते. एकेका रेणूच्या नोंदी हाती असल्या की बेरीज करून सरासरी केव्हाही काढता येते. सरासरीतून माणूस परत मिळत नाही.

३. तीस वर्षे न सुटलेले कोडे

माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा पेशीपटलातून येतो. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोलसन यांनी पटलाचे प्रवाही चित्र मांडले: मेदरेणूंचा पातळ सागर आणि त्यात तरंगणारी प्रथिने. चित्र सुंदर होते आणि मुख्य गोष्टीत बरोबरही. पण एक आकडा त्यात बसेना. प्रयोगशाळेत तयार केलेल्या कृत्रिम पटलात मेदरेणू ज्या वेगाने पसरतात, त्याच्या कितीतरी पट मंद ते जिवंत पेशीच्या पटलात पसरत. सागर तोच, रेणू तेच, मग चाल का मंद? सुचणारे पहिले उत्तर असे की जिवंत पटल जरा घट्ट असेल, काकवीसारखे.

अकिहिरो कुसुमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये उंदराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर हा प्रश्न घेतला. मेदरेणूला ४० नॅनोमीटरचा सोन्याचा कण जोडला आणि दर २५ मायक्रोसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला ४०,००० चौकटी घेतल्या. नेहमीच्या व्हिडिओत सेकंदाला ३० चौकटी असतात, दोन चौकटींत ३३ मिलिसेकंदांचे अंतर. त्या वेगाने पाहिले तर मेदरेणू साधा, स्वैर, मंद भटकताना दिसे. नव्या वेगाने पाहिल्यावर निराळेच उघड झाले. रेणू सुमारे २३० नॅनोमीटर रुंदीच्या एका कप्प्यात कृत्रिम पटलातल्याइतकाच वेगाने हुंदडतो, सरासरी ११ मिलिसेकंद तिथेच घुटमळतो आणि मग एका उडीत शेजारच्या कप्प्यात जातो. पुन्हा मुक्काम, पुन्हा उडी. पटल काकवीसारखे नव्हतेच. ते कुंपणे घातलेले होते. पटलाच्या आतल्या बाजूला असलेली ॲक्टिन तंतूंची जाळी विस्कटली की हे कप्पेही बदलत, म्हणजे कुंपणाचा पाया तिथे होता.

इथे जरा थांबून हिशोब करावा. कप्प्यातला मुक्काम ११ मिलिसेकंदांचा, व्हिडिओच्या दोन चौकटींतले अंतर ३३ मिलिसेकंदांचे. म्हणजे दोन चौकटींच्या दरम्यान सरासरी तीन उड्या होऊन गेलेल्या असत. अशा व्हिडिओत रेणूची जागा एका नॅनोमीटरपर्यंत अचूक काढली असती, तरी कुंपण दिसले नसते. दिसली असती ती अतिशय अचूकपणे मोजलेली चुकीची कथा. तीस वर्षे अडलेले हे काम चौकटींमधला वेळ कमी केल्यावर मार्गी लागले. तंत्राची थोरवी सूक्ष्मतेत शोधणाऱ्यांनी या उदाहरणाला उत्तर द्यावे, असे मला वाटते.

वाद संपलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या पेशींत, दुसरी खूण लावून आणि दुसऱ्या रेणूवर मोजणाऱ्यांना सर्वत्र अशा उड्या सापडल्या नाहीत. सोन्याचा कण मेदरेणूच्या मानाने अजस्र आहे, ही शंकाही रास्त आहे. पण पटलाखालचे ॲक्टिन वरच्या रेणूंच्या हालचालींना आकार देते, या मूळ मुद्द्याला स्वतंत्र वाटांनी दुजोरा मिळाला आहे. त्यातली एक वाट बंगळूरूची. तिथल्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमधले सत्यजित मेयर, मदन राव आणि त्यांचे सहकारी यांनी फ्लोरोसंट प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून दाखवले की पटलाच्या बाहेरच्या बाजूला टांगलेल्या काही प्रथिनांचे छोटे घोळके आतल्या ॲक्टिनच्या हालचालीने जमतात आणि विखुरतात.

४. चालू यंत्राचे भाग बदलणे

दुसरा पुरावा ई. कोलाय या जिवाणूच्या कशाभिकेचा. कशाभिकेच्या मुळाशी एक फिरणारी मोटर असते. पुस्तकातली तिची आकृती अभियंत्याच्या कागदावरून उचलल्यासारखी: मधे चक्र, भोवती पक्के रोवलेले खुंट, आणि त्यांच्या जोराने फिरणारे चक्र. ऑक्सफर्डच्या गटाने २००६ मध्ये या खुंटांतल्या मॉटबी या प्रथिनाला हिरवा दिवा लावला. जिवाणूची कशाभिका काचेला चिकटवली की मोटर काचेशी जखडली जाते आणि जिवाणूचे धडच तिच्याभोवती गरगरत राहते. या गिरकीच्या केंद्रावर हिरवा ठिपका बसलेला. म्हणजे मोजमाप चालू असताना मोटर खरोखर काम करत होती, याची खात्री डोळ्यासमोर. विझण्याच्या पायऱ्यांच्या उंचीवरून हिशोब काढला तेव्हा एका मोटरीत मॉटबीचे सुमारे २२ रेणू भरले आणि बाहेर पटलात आणखी २०० च्या आसपास हिंडताना आढळले. ठिपका लेझरने विझवला तर अर्ध्याएक मिनिटात तो पुन्हा उजळू लागे. रोवलेले समजले जाणारे खुंट उपटून बाहेर जात होते, बाहेरचे येऊन बसत होते, आणि मोटर फिरतच होती.

‘यंत्र’ हा शब्द पेशीसाठी वापरायला माझी हरकत नाही. पण ज्या यंत्राचे भाग दर अर्ध्या मिनिटाला बदलतात आणि तरी ते थांबत नाही, तसे यंत्र आपल्या ओळखीचे नाही. कोणताही भाग कायमचा नसल्यामुळेच बिघडलेला भाग दुरुस्तीशिवाय निघून जातो, असा अंदाज इथे करता येतो. अंदाज म्हणूनच तो मांडतो. पण हा प्रश्नसुद्धा स्थिर आकृती पाहून कुणाला सुचला नसता.

५. जनुकाच्या दारातली थांबण्याची वेळ

जाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये जनुकांच्या नियंत्रणाचा सिद्धान्त मांडला तेव्हापासून एक चित्र मनात पक्के आहे: नियंत्रक प्रथिन डीएनएवरच्या आपल्या जागी जाऊन बसते, किल्ली कुलपात बसावी तसे. ४६ लाख अक्षरांच्या डीएनएत वीसेक अक्षरांची जागा हे प्रथिन शोधते कसे, याचे उत्तर चित्रात नव्हते. यूहान एल्फ, सनी शी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जिवंत ई. कोलायमधल्या लॅक नियंत्रकाचा माग घेतला. तो जवळजवळ ९० टक्के वेळ डीएनएला भलत्याच ठिकाणी चिकटलेला असतो आणि एका ठिकाणी पाच मिलिसेकंदसुद्धा टिकत नाही. २०१२ मध्ये एल्फ यांच्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. तो डीएनएवरून थोडेथोडे घसरत जातो आणि स्वतःच्या जागेवर आल्यावरही बहुतेकदा पहिल्या फेरीत तिथे बसत नाही. तिच्यावरून अनेकदा पुढेमागे जातो आणि मग केव्हातरी बसतो. किल्ली कुलपासमोरून कितीदा तरी निघून जाते.

सस्तन प्राण्यांत हा मुक्काम सेकंद-मिनिटांत मोजावा लागतो. उंदराच्या मूलपेशींत सॉक्स२ हे प्रथिन आपल्या नेमक्या जागी १२ ते १५ सेकंद थांबते आणि तिथे पोचण्याआधी ऐंशी-नव्वद ठिकाणी वायफळ टेकून येते, असे २०१४ मध्ये मोजले गेले. २०१७ मधले एक मोजमाप मला सर्वांत बोलके वाटते. डीएनएचे मोठाले फास बांधून ठेवणाऱ्या दोन प्रथिनांपैकी सीटीसीएफ एक-दोन मिनिटे थांबते आणि कोहेसिन सुमारे २२ मिनिटे. त्याआधी दोघांना मिळून एकाच फासाची गाठ मानण्याची सवय होती. गाठीचा एक धागा दुसऱ्याच्या दहा-वीस पट लवकर सुटत असेल, तर ती गाठ सारखी सुटते आणि पुन्हा बसते असे मानावे लागते.

६. आक्षेप

पहिला आक्षेप: दिवा लावलेले प्रथिन हे मूळचे प्रथिनच राहत नाही. हा आक्षेप मी पुरता मान्य करतो. हिरवे प्रथिन २७ किलोडाल्टनचे, म्हणजे ज्याच्या पाठीवर बसते त्याच्याइतकेच अनेकदा भारी. ई. कोलायमधले क्लपपी हे प्रथिन पेशीत गोळा होऊन बसते असे बरेच दिवस मानले जात होते. २०१२ मध्ये दिसून आले की गोळा होण्याचा गुण लावलेल्या दिव्यांचा होता. एकमेकांना न चिकटणारे दिवे लावल्यावर ते प्रथिन पेशीभर सारखे पसरलेले आढळले. पण ही चूक उघड कशी झाली तेही पाहावे: पेशी दुभंगताना दोन्ही लेकींच्या वाट्याला किती प्रथिन जाते याचा हिशोब घातल्यावर. आज मूळ जनुकाच्याच जागी दिवा जोडून, प्रथिनाचे प्रमाण न वाढवता आणि ते आपले काम करते की नाही हे तपासून मगच मोजमापाला हात घालतात. जिथे हे केलेले नसेल तिथल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. जो थांबतो तोच दिसतो, जो धावतो तो पुसला जातो. सेकंदाला १० चौरस मायक्रोमीटर या विसरण-गुणांकाचा रेणू १० मिलिसेकंदांच्या एका चौकटीत अर्ध्या मायक्रोमीटरहून अधिक सरकतो. त्याचा ठिपका पसरून पार्श्वभूमीत विरतो. शिवाय चपळ रेणू भिंगाच्या उथळ पट्ट्यातून वर-खाली निसटतात. उलट टोकाला, फार वेळ थांबणारा रेणू सुटण्याआधीच त्याचा दिवा विझतो, आणि सुटणे व विझणे कॅमेऱ्याला सारखेच दिसतात. म्हणजे दोन्ही टोके कापली जातात. यावर उपाय आहेत: चौकटीच्या एका मिलिसेकंदापुरताच लेझर चमकवणे, निसटणाऱ्यांचा हिशोब गणितात धरणे, चौकटींमधला अंधार कमी-जास्त करून विझणे आणि सुटणे वेगळे करणे, आणि तासन्‌तास न हलणाऱ्या हिस्टोन प्रथिनाशी तुलना करणे. उपाय पूर्ण नाहीत. पण आक्षेपाचे स्वरूप पाहा. सगळ्या अडचणी काळाच्या आहेत: चौकट किती लांब, दिवा किती टिकाऊ, रेणू किती चपळ. शास्त्रज्ञ ज्या जागी झगडतात तीच तंत्राची खरी जागा, आणि ही जागा वेळेची आहे.

तिसरा आक्षेप संख्याशास्त्राची भाषा बोलतो: एका रेणूच्या कहाणीवरून काय सिद्ध होणार? एकावरून काहीच नाही. म्हणूनच हजारो मार्ग गोळा करतात. मुक्कामाच्या वेळांचा आलेख काढला की तो एकाच उताराने खाली येतो की मधे मोड घेतो हे दिसते. मोड असला तर दोन जातीचे मुक्काम आहेत, एक क्षणाचा आणि एक लांबचा. सरासरी काढणाऱ्याला हा मोड कधीच भेटत नाही.

लेझरच्या प्रकाशाने पेशीला इजा होते, हेही खरे आहे, विशेषतः जांभळ्या प्रकाशाने. यावर युक्तिवाद नाही. कमी प्रकाशात काम करणे एवढाच इलाज. श्टेफान हेल यांच्या गटाने २०१७ मध्ये मांडलेली मिनफ्लक्स पद्धत या दिशेने जाते. मधे काळोख असलेल्या प्रकाशाच्या कड्याने रेणूचा ठाव घेतल्यामुळे ती फार थोड्या फोटॉनांत भागवते. २०२३ मध्ये तिच्या साहाय्याने जिवंत पेशीत कायनेसिन या प्रथिनाची पावले मोजली गेली. फोटॉनांची ही बचत वेळेत खर्च करता येते: एका ठिकाणासाठी लागणारे फोटॉन कमी झाले की तेवढ्याच दिव्यात जास्त चौकटी मिळतात.

७. अजून न जुळलेला हिशोब

एक विसंगती मात्र तशीच उभी आहे. नियंत्रक प्रथिन जनुकाच्या दारात दहा-पंधरा सेकंद थांबते. त्याच्या सांगण्यावरून सुरू झालेले जनुक मात्र कित्येक मिनिटे आरएनए तयार करत राहते, मग तितकाच वेळ शांत बसते आणि पुन्हा सुरू होते. सांगणारा निघून गेल्यावर निरोप कुणापाशी राहतो? काहींच्या मते अनेक रेणू पाठोपाठ येऊन दार उघडे ठेवतात. काही म्हणतात की पहिल्या रेणूने डीएनएच्या गुंडाळीवर लावलेल्या रासायनिक खुणा टिकून राहतात. एक तिसरे मत असे की अशा रेणूंचे दाट घोळके जनुकाभोवती जमतात आणि एकजण सुटला तरी दूर जात नाही. तिन्ही कथांत सरासरी सारखीच येते. वेगळा येतो तो एकाच जनुकाच्या दारात पहिला रेणू गेल्यानंतर दुसरा येईपर्यंतचा वेळ, आणि तो मोजायचा तर एकाच पेशीत, एकाच वेळी, त्या दारावर आणि तिथून निघणाऱ्या आरएनएवर मिनिटामिनिटांची नजर ठेवावी लागेल.